वाडा, विहीर आणि बेटीबंदी

एम.ए.च्या वर्गात साहित्यकृतीचे माध्यमांतर शिकविताना आम्ही गेली काही वर्षे 'काकस्पर्श' (२०१२) दाखवीत आलो आहोत. उषा दातार यांची कथा, महेश मांजरेकर यांचे दिग्दर्शन, १९३० ते १९५० या काळातले कोकण. विधवा उमा आणि तिचा विधुर दीर हरी यांच्या अव्यक्त, निषिद्ध प्रेमाची ही कहाणी पाहताना दरवर्षी वर्गात डोळे पुसले जातात. आमचेही पुसले गेले आहेत, हे आधीच कबूल करतो. परंतु एका वर्षी चित्रपट संपल्यावर पोलादपूरकडून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, या वाड्याच्या विहिरीवर कोणाला येऊ देत होते?" वर्ग हसला. आम्हाला हसू आले नाही. कारण हा वर्ग महाडात भरतो, आणि चवदार तळे येथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

या प्रश्नाने ज्या विचाराला सुरुवात झाली तो येथे मांडतो. आमचे म्हणणे असे की, काळाच्या पार्श्वभूमीवर बेतलेला आपला प्रेमपट निषिद्ध प्रेमाबद्दल हळहळतो. पण तो निषेध कोणी घातला, कशासाठी घातला आणि कोणत्या कायद्याने टिकविला, हे विचारीत नाही. काळ त्याला हवा असतो तो कंदील, नऊवारी आणि लाकडी खांब यांच्यापुरता.

यावर नेहमीचा आक्षेप ठरलेला आहे: कलाकृती म्हणजे प्रचारपत्रक नव्हे, ब्राह्मण घरातल्या विधवेच्या कथेत महाडचा सत्याग्रह कशाला हवा? आक्षेपाचा पूर्वार्ध आम्हाला मान्य आहे. वाड्याच्या भिंतीवर कोणाची तसबीर लावा, असे आम्ही म्हणत नाही. हरी उमेचे केशवपन होऊ देत नाही, हे या चित्रपटाचे श्रेयही आम्ही नाकारत नाही. उत्तरार्ध मात्र मान्य नाही, कारण त्या विधवेचा प्रश्न आणि या तळ्याचा प्रश्न हे दोन प्रश्नच नाहीत.

हे आम्ही आमच्या पदरचे सांगत नाही. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात बाबासाहेब आंबेडकरांनी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही रूढींची संगती जातीअंतर्गत विवाहाच्या बंधनाशी लावली होती. जात बंदिस्त ठेवायची तर नवऱ्यामागे उरलेल्या स्त्रीचे काय करायचे, हा हिशेब त्या रूढींच्या मुळाशी आहे. पुढे ११ वर्षांनी, १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडात परिषद भरली आणि लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवून परतणाऱ्यांवर हल्ले झाले आणि मागाहून पंचगव्याने तळ्याची 'शुद्धी' झाली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला दुसऱ्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. त्या परिषदेतील भाषणात बाबासाहेबांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेचा दाखला दिला आणि अस्पृश्यतेचे मूळ पाणीबंदीत नव्हे तर बेटीबंदीत आहे, असा सिद्धान्त मांडला. म्हणजे कोणी कोणावर प्रेम करावे, कोणाशी लग्न करावे, हा प्रश्न महाडच्या लढ्याच्या कडेचा नव्हता; गाभ्याचा होता.

आता 'काकस्पर्श'कडे पुन्हा पाहावे. उमा आणि हरी यांच्यामध्ये काय उभे आहे? मृत भावाच्या पिंडाला कावळा शिवावा म्हणून हरीने दिलेला शब्द. ज्या व्यवस्थेने विधवेचे शरीर बंद केले ती व्यवस्था येथे एका भावाच्या खासगी वचनात आटोपते, आणि व्यवस्थेवर येणारा राग आपण नियतीवर काढून मोकळे होतो. शेवटी उमा मरते. मरणारी नायिका कोणालाही उत्तर मागत नाही.

ही सोय जुनी आहे. १९३६ साली बॉम्बे टॉकीजच्या 'अछूत कन्या'त फाटकवाल्याची मुलगी कस्तुरी ब्राह्मण प्रतापवर प्रेम करते आणि आगगाडीखाली जाते. फाटकाजवळ तिचे स्मारक उभे राहते. त्याच वर्षी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे नियोजित भाषण रद्द केले. ते न झालेले भाषण पुस्तकरूपाने आले, आणि त्यात जातिनाशाचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहच सांगितला होता. पडद्यावर मेलेल्या अस्पृश्य मुलीसाठी रडणारा समाज जिवंत माणसाचे भाषण ऐकायला तयार नव्हता.

'१९४२: अ लव्ह स्टोरी' (१९९४) या चित्रपटाने याहून सोपी वाट काढली. दिवाणाचा मुलगा, क्रांतिकारकाची मुलगी, मध्ये इंग्रज. नायक चळवळीत आला की मनाई संपते. त्या सालच्या सप्टेंबरात महाडच्या कचेरीवरही मोर्चा आला, गोळीबारात माणसे मेली. त्या त्यागाबद्दल आम्हाला आदरच आहे. पण इंग्रज गेला म्हणून बेटीबंदी गेली नाही.

चित्रपटकारांना कथानक मिळत नाही असे म्हणावे, तर कायद्याची पुस्तके उघडावीत. १८७२ च्या विवाह कायद्यात १९२३ साली दुरुस्ती झाली आणि धर्म न नाकारता दोन हिंदूंना जातीबाहेर नोंदणी विवाह करता येऊ लागला. किंमत काय? असे लग्न करणारा एकत्र कुटुंबातून विभक्त ठरे. त्याच्या बापाला दुसरा हयात मुलगा नसेल, तर दत्तक घेण्याचा अधिकार मिळे. हयात मुलाच्या जागी दत्तक! मुलगा जिवंत आहे, आणि बाप कायद्याने दुसरा मुलगा मांडीवर घेतो आहे, असा प्रसंग आम्हाला तरी कोणत्या काळपटात दिसलेला नाही. तळ्याचा दावा डिसेंबर १९२७ मध्ये उभा राहिला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. 'काकस्पर्श'च्या कालखंडातली ही कितीतरी वर्षे आहेत. त्या वर्षांत कोकणातल्या घराघरांतून या दाव्यावर बोलणे झालेच नसेल, हे आम्हाला पटत नाही.

आता आमच्याविषयी. २० मार्चला आम्ही तळ्यावर जातो, व्याख्याने देतो. एका वर्षी आमच्या वर्गातली एक हुशार मुलगी सत्राच्या मध्यात यायची बंद झाली. दुसऱ्या जातीच्या मुलाशी तिचे नाव जोडले गेले होते; घरच्यांनी घाईने तिचे लग्न लावून दिले. दाखला न्यायला वडील आले. आम्ही सही केली, चहा विचारला, आणि मुलीबद्दल एक शब्द काढला नाही. त्याच आठवड्यात आम्ही वर्गात उमेच्या घुसमटीवर तासभर बोललो होतो. पडद्यावरच्या निषिद्ध प्रेमाने आम्हाला इतके समाधान दिले होते की दारातले निषिद्ध प्रेम आमच्या कामाचेच वाटले नाही. या चित्रपटांवरचा आमचा खरा राग हा आहे, आणि त्यातला निम्मा आमच्यावरच आहे.

'काकस्पर्श' दाखविणे आम्ही बंद करणार नाही. मात्र त्याआधी डिसेंबर १९२७ चे भाषण आणि दत्तकाचे ते कलम वर्गात वाचू. अन्य महाविद्यालयांतील सहकाऱ्यांनाही आमची हीच विनंती आहे. आणि विहिरीचा प्रश्न विचारणारा विद्यार्थी तुमच्या वर्गात असेल, तर वर्गाला हसू देऊ नका.