सुबुद्धी कोणासाठी मागायची?

मैत्रिणींनो, 'महड' म्हटले की पुष्कळ जणी विचारतात, "म्हणजे चवदार तळ्याचं महाड का हो?" नाही. ते महाड इथून बरेच दूर, दक्षिणेला. हे महड आमच्या कर्जतशेजारच्या खालापूर तालुक्यातले, अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचे. कर्जतहून खोपोलीची गाडी धरायची, पळसधरी, केळवली, डोळवली, लौजी अशी स्टेशने मागे टाकत खोपोलीला उतरायचे आणि तिथून रिक्षा करायची. सकाळचा स्वयंपाक उरकून निघालेली बाई दुपारच्या चहाला घरी परत येते.

सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी हे देऊळ १७२५ मध्ये बांधले. तिथला नंदादीप १८९२ पासून तेवत आहे, असे सांगतात. पण मला महडचे अप्रूप वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. भाविकाने गाभाऱ्यात जाऊन आपल्या हाताने पूजा करावी, अशी तिथली पद्धत. मध्ये कोणी नाही. दूर्वा आपण वाहायच्या आणि सांगायचे तेही आपणच.

आणि तिथेच माझी पंचाईत झाली.

आता घरातली गोष्ट सांगते, राग मानू नका. दोन वर्षांपूर्वी माझ्या लेकीने लग्नाचा विषय बाजूला सारून पुढच्या शिक्षणासाठी परगावी जायचे ठरवले. बोलाचाली झाली. मी म्हणाले, "जायचं तर जा, पण मग या घराची पायरी चढू नकोस." तीही म्हणाली, "तुला माझं कधी बरं बघवलंच नाही." ती गेली. त्यानंतर फोन व्हायचे ते "जेवलीस का", "पाऊस आहे का" एवढ्यापुरतेच. मी मात्र दर संकष्टीला उपास करून एकच मागणे मागत होते, "देवा, पोरीला सुबुद्धी दे."

त्या दिवशी दूर्वा वाहताना तेच वाक्य ओठांवर आले आणि अडले. उपाध्यायांनी संकल्प सांगितला असता, तर त्यांच्यामागून म्हणून मोकळी झाले असते. स्वतःच्या तोंडाने बोलायचे म्हटल्यावर मनात आले, सुबुद्धी नक्की कोणाला हवी आहे? काहीच न बोलता मी बाहेर आले आणि ओट्यावर बसून राहिले.

बसल्या बसल्या या स्थानाचीच कथा आठवली. गणेशपुराणातल्या गृत्समद ऋषींची. एका श्राद्धाच्या वेळी, ऋषींच्या सभेत, त्यांच्या जन्मावरून त्यांचा पाणउतारा झाला. संतापून ते घरी आले आणि आईला, मुकुंदेला, खरे काय ते विचारले. इंद्राने रुक्मांगद राजाचे रूप घेतले होते, त्याच्यापासून हा मुलगा झालेला. तिने ते कबूल केले, तेव्हा मुलाने शाप दिला, "काटेरी बोर होशील." आईनेही उलट शाप दिला. पुढे गृत्समदांनी पुष्पक वनात तप केले आणि गणपती प्रसन्न झाला. ते वन म्हणजेच हे महड, आणि इथला वरदविनायक त्यांनीच स्थापला, असे मानतात. 'गणानां त्वा' या मंत्राचे द्रष्टे म्हणून आजही गृत्समदांचेच नाव घेतात.

ही कथा मी कितीदा तरी ऐकली होती. पण आजवर लक्ष असायचे ते मुलाकडे. त्या दिवशी प्रथमच वाटले, आईचे काय झाले? मुलाला तप मिळाले, मंत्र मिळाला, वर मिळाला. आपल्याकडे सांगतात त्या कथेत मुकुंदा मात्र बोरीच्या काट्यांतच राहते. इतकी वर्षे तिने मनात काय दाबून ठेवले, हे तिला कोणी विचारले नाही, आणि तिनेही विचारल्याशिवाय सांगितले नाही.

सांगणारी बाई आपल्याकडे झाली नाही असे मात्र नाही. शिऊरच्या संत बहिणाबाई (१६२८ ते १७००) आठवा. जळगावच्या बहिणाबाई चौधरी निराळ्या. या बहिणाबाईंचे मन तुकोबांच्या अभंगांत रमले. ब्राह्मणाच्या बायकोने तुकोबांना गुरू मानावे, हे नवऱ्याला सोसेना. मारही खाल्ला त्यांनी. पण नवऱ्याचे वागणे, स्वतःची ओढ, मनाची ओढाताण, सारे त्यांनी आपल्या अभंगांत सांगून ठेवले. पुढे नवऱ्याचे मन पालटले आणि दोघे देहूला गेले. नवरा पालटला म्हणून त्या मोठ्या नव्हेत. तो पालटण्याआधीही आपल्याला काय वाटते ते त्यांना नेमके ठाऊक होते, म्हणून मोठ्या. (मार सोसत बसा, असा याचा अर्थ घेऊ नका हं. तिथे जवळच्या माणसांना सांगावे, महिलांसाठीच्या १८१ या क्रमांकावर मदत मागावी.)

घरी आले, लेकीची जुनी अर्धी कोरी वही काढली आणि रोज देवापाशी दिवा लावल्यावर चार ओळी लिहायच्या ठरवल्या. पहिले तीन दिवस काय लिहिले असेल? "गॅस संपत आलाय. डोकं दुखतंय." हसू नका. चौथ्या दिवशी मात्र हातून उतरले: "मला बी. एड. करायचं होतं. फॉर्म आणला होता. घरच्यांनी नाही म्हटलं आणि मी निमूटपणे तो कपाटात ठेवला." लिहिले आणि माझे मलाच कळले. मला राग तिच्या जाण्याचा नव्हताच. आपल्याला गप्प बसावे लागले आणि ही बोलली, याचा होता.

लोणच्याचे कसे असते, बघा. झाकण कितीही घट्ट लावा, वर तेल कमी पडले की बुरशी धरतेच. बरणी उघडून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही. आपल्या मनाचेही तसेच आहे.

तुम्हीही करून पाहा. वही कोणाला दाखवायची नाही, शुद्धलेखन बघायचे नाही. तीनच गोष्टी लिहायच्या: आज राग कशाचा आला, त्या रागाच्या तळाशी काय होते, आणि कोणाला काय सांगायचे राहून गेले. उपास-तापास सोडा असे मी म्हणत नाही. माझी संकष्टी चालूच आहे. फक्त मागणे बदलले आहे. आता म्हणते, "देवा, मला खरं बोलायची बुद्धी दे."

महिन्याभराने लेकीला पत्र लिहिले. उपदेशाची एक ओळ नाही, नुसती त्या फॉर्मची हकीकत आणि "मी चुकले". आठ दिवस उत्तर नव्हते. मग रात्री फोन आला. म्हणाली, "आई, हे तू कधी सांगितलंच नाहीस." पुढे दोघींनाही बोलवेना. सगळे सुरळीत झाले, असे काही मी म्हणणार नाही. अजून ती जरा जपूनच बोलते. पण संक्रांतीला येते म्हणाली आहे.

सुगडात घालायला बोरे आणायला तिला घेऊनच बाजारात जाईन म्हणते.