न परतलेला बारदाना

धानोरा येथील एका पेढीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. गडचिरोलीहून पूर्वेकडे छत्तीसगडच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. सभोवार जंगल, बांध्यांतून धान, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपान. पेढी धानाची व किराण्याची. शेठजी साठी ओलांडलेले, मुनीमजी त्यांच्याहून चार वर्षांनी वडील, आणि मुलगा पुण्यात नोकरीला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मुलगा घरी परतला. त्याच सुमारास पेढीवरचा जुना संगणक बंद पडला. दुरुस्तीची दुकाने बंद होती. मात्र आतील डिस्क शाबूत होती.

हिशेबाचा प्रोग्रॅम केवळ विंडोजवर चालणारा, आणि मुलाचा लॅपटॉप ॲपलचा. मुलाने त्यावर उपाय काढला. लॅपटॉपमध्ये त्याने एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, उभा केला. त्यात विंडोज बसवली आणि जुन्या डिस्कवरील हिशेब त्यात आणले. मुनीमजी पूर्वीप्रमाणेच जमा-नावे करू लागले. तीन महिने सर्व सुरळीत चालले.

जुलैच्या उत्तरार्धात मात्र विपरीत घडू लागले. दुपारी चारच्या सुमारास पडदा एकाएकी काळा होई आणि संपूर्ण लॅपटॉप आपोआप पुन्हा सुरू होई. चालू असलेली नोंद जाई, कधी त्या दिवसाच्या आठ-दहा नोंदी बिघडत. जीएसटीचे विवरण तोंडावर आलेले. प्रथम विजेवर संशय गेला. पण लॅपटॉपला बॅटरी होती. मग मुनीमजींवर गेला, कारण यंत्रापुढे बसणारे तेच होते. एके दिवशी हमालांच्या देखत शेठजी बोलून गेले, “मुनीमजी, आता डोळे काम देत नसतील तर तसे सांगा. भलतीच कळ दाबून रोजचे नुकसान करू नका.” मुनीमजींनी उत्तर दिले नाही. चष्मा पुसला, टोपी घातली आणि ते वेळेआधी घरी गेले.

या घटनेतील माणसे कल्पनेतील आहेत. यंत्राचा दोष मात्र कल्पनेतील नाही. ॲपलने १५ जुलै २०२० रोजी आपल्या कार्यप्रणालीची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमची, मॅकओएस १०.१५.६ ही सुधारित आवृत्ती दिली. ती बसवल्यानंतर व्हीएमवेअर कंपनीच्या फ्यूजन या प्रोग्रॅमवर आभासी संगणक चालवणाऱ्यांचे मॅक अकस्मात कोसळू लागले. कोणी त्या आभासी संगणकात काही काम करीत असो वा नसो, तो काही तास नुसता उघडा राहिला तरी पुरे होई.

व्हीएमवेअरने शोध घेतला तेव्हा दोष कार्यप्रणालीच्या गाभ्यातील एका सुरक्षा-घटकात सापडला. हा घटक प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या मर्यादेत ठेवणारा पहारेकरी होय. नव्या आवृत्तीत तो स्मृतीचे छोटे छोटे तुकडे मागून घेई आणि परत करायला विसरे. अशा लक्षावधी तुकड्यांत ‘स्लॅश डेव्ह’ एवढ्या चार अक्षरी मजकुरापलीकडे काहीही नव्हते.

धानाच्या व्यापाऱ्याला हे समजावण्यास बारदान्याचे उदाहरण पुरेसे आहे. शेतकऱ्याला रिकामी पोती द्यावीत, धान भरून आल्यावर ती पुन्हा फिरावीत, हा नित्याचा व्यवहार. समजा, एखादा नोकर दर मिनिटाला एक पोते बाहेर देतो आणि परतीची नोंदच ठेवत नाही. पहिल्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही. हंगामाच्या मध्यावर मात्र कोठारात एकही पोते उरत नाही आणि धान असून, ग्राहक असून, सारा व्यवहार ठप्प होतो. संगणकाची स्मृतीही अशीच मोजकी असते. ती गाभ्यालाच पुरेनाशी झाली म्हणजे एखादा प्रोग्रॅम बंद करून भागत नाही. सारे यंत्र थांबते. म्हणूनच सकाळी सुरू केलेला लॅपटॉप दुपारी कोसळत होता.

व्हीएमवेअरने दोष पुन्हा घडवून दाखवणारा नेमका पुरावा जोडून ॲपलला कळवले. वापरकर्त्यांना तोवर एवढाच सल्ला होता की काम नसेल तेव्हा आभासी संगणक बंद करावा आणि मूळ यंत्र वरचेवर पुन्हा सुरू करावे. १२ ऑगस्ट २०२० रोजी ॲपलने पूरक सुधारणा दिली आणि आभासी संगणक चालवताना उद्भवणारी अस्थिरता दूर केल्याचे तिच्या टिपणात नमूद केले. चार आठवडे जगभरच्या अनेकांनी ज्याचे खापर स्वतःवर किंवा शेजारच्यावर फोडले, तो दोष तिसऱ्याच ठिकाणी होता.

यंत्रात यंत्र ठेवण्याची कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ मध्ये आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली दिली, तेव्हा एकाच यंत्रावर बसलेल्या प्रत्येकाला आपण स्वतंत्र संगणक वापरीत आहोत असे वाटे. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये हीच सोय टेबलावरील संगणकापर्यंत आणली. आज जुना हिशेबाचा प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालवण्यासाठी अनेक पेढ्यांना ती उपयोगी पडते. यात एक गोष्ट विसरता कामा नये. आतला संगणक स्वतःला घराचा मालक समजतो, पण तो भाडेकरू असतो. खालची जमीन मूळ कार्यप्रणालीची, आणि ती हलली म्हणजे वरचे घर हलणारच.

हा प्रसंग एकाच कंपनीवर ओढवला असेही नाही. मायक्रोसॉफ्टच्या ११ जानेवारी २०२२ च्या मासिक सुधारणेनंतर काही विंडोज सर्व्हरांवरील आभासी संगणक सुरूच होईनात. १७ जानेवारीला कंपनीला वेगळी दुरुस्ती द्यावी लागली. १९ जुलै २०२४ रोजी तर क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष सुधारणेने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पाडली. आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तेथे आज्ञावलीच्या एका भागात २१ रकान्यांची अपेक्षा होती आणि दुसऱ्या भागाकडून २० रकानेच येत होते. ताळेबंदात एक रकाना कमी पडल्यावर काय होते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

यावरून सुधारणा घेऊच नयेत असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. बहुतेक सुधारणा चोरवाटा बंद करण्यासाठी असतात. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशी जुनी प्रणाली आभासी संगणकात ठेवलीच असेल, तर तिला इंटरनेटपासून दूर ठेवणे हिताचे. प्रश्न सुधारणा घ्यावी की नाही हा नसून केव्हा आणि कोणत्या तयारीने घ्यावी, हा आहे.

धानोऱ्याजवळच मेंढा नावाचे गाव आहे. तेथील ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने निर्णय घेते आणि निर्णयापूर्वी अभ्यासगटात विषयाचा विचार होतो. पेढीच्या संगणकालाही एवढा विचार मिळावा. हिशेबाच्या यंत्रावर मोठी सुधारणा पहिल्याच दिवशी बसवू नये. आठ-पंधरा दिवस थांबून इतरांचा अनुभव पाहावा. विवरण भरण्याच्या आठवड्यात तर मुळीच नाही. आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली असल्यास ती आधी घ्यावी. मूळ यंत्राची सुधारणा करताना आतला संगणक नुसता थोपवून न ठेवता रीतसर बंद करावा, कारण अर्धवट थांबवलेली अवस्था सुधारणेनंतर पुन्हा उघडेलच अशी खात्री नसते.

आभासी संगणकाची सारी डिस्क बहुधा एका किंवा काही मोठ्या फायलींत असते. तो बंद असताना त्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवता येतात. चालू असताना घेतलेली नक्कल भरवशाची नसते. ‘स्नॅपशॉट’ घेतला म्हणजे काम झाले असे समजणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की तो त्याच डिस्कवर राहतो. डिस्क गेली तर तोही जातो. हिशेबाच्या नोंदींची नक्कल रोज वेगळी घ्यावी आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. लॅपटॉप कोसळला, ही सबब तेथे कामी येत नाही.

आणि यंत्र कोसळलेच, तर प्रथम माणसाकडे बोट न दाखवता कागद घ्यावा. दिवस, वेळ, काय चालू होते, शेवटची सुधारणा कधी झाली, हे लिहावे. आभासी संगणक बंद ठेवून एक दिवस काम करून पाहावे. तेव्हा यंत्र टिकले आणि उघडल्यावर पुन्हा कोसळले, तर शोधाची दिशा मिळते.

धानोऱ्याच्या मुलानेही उशिरा का होईना, हेच केले. चार दिवसांच्या नोंदीवरून त्याच्या ध्यानात आले की मुनीमजी रजेवर असतानाही, कोणी कळफलकाला हात लावलेला नसतानाही, लॅपटॉप कोसळतो. १२ ऑगस्टची पूरक सुधारणा बसवल्यावर तो थांबला. प्रश्न उरला गेलेल्या नोंदींचा. तेव्हा मुनीमजींनी घरून लाल कापडी बांधणीची वही आणून शेठजींपुढे ठेवली. पहिल्यांदा पडदा काळा झाला त्या दिवसापासून ते रोज रात्री घरी बसून दिवसाचा सारा व्यवहार आठवून, पावत्यांशी ताडून, हाताने लिहीत होते. तीन आठवड्यांत एका पैशाचाही फरक नव्हता.

अठरा पापस्थानकांत तेरावे अभ्याख्यान, म्हणजे खोटा आळ. हिंसा, चोरी यांपासून सांभाळून राहणाऱ्या घरातही हे पाप किती सहज घडते, याची जाणीव शेठजींना त्या वहीची पाने उलटताना झाली असावी. पर्युषण तोंडावर होते. संवत्सरीच्या सायंकाळी प्रतिक्रमण आटोपल्यावर त्यांनी फोनवरून संदेश धाडला नाही. ते मुनीमजींच्या घरी चालत गेले. सोबत मुलगा होता आणि, शेठजींच्या सांगण्यावरून, त्या दिवशी पेढीवर असलेले दोन हमालही. जे शब्द चारचौघांत गेले, ते चारचौघांतच परत घ्यायला हवेत, असे त्यांचे म्हणणे होते. उंबरठ्यावर उभे राहून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “मुनीमजी, मिच्छामि दुक्कडम्.”