भिंतीवरचा डॉक्टर

इटारसीहून गाडी भोपाळकडे निघाली की रुळांलगतच्या भिंती दिसू लागतात. ‘शीघ्रपतन, गुप्तरोग, शर्तिया इलाज’, खाली मोबाईल नंबर. डब्यातल्या बायका नजर फिरवतात, पुरुष हळूच वाचून घेतात. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. कायदा पुस्तकात, चुना भिंतीवर!

या भिंतवाल्यांना कोण पोसतं? आपलं मौन. गुडघा दुखला तर नवरा चारचौघांत सांगतो, पण हे दुखणं बायकोलाही सांगत नाही. ती समजते, आपल्यातच काही कमी असेल. तो कुशीवर वळतो. वर्षं जातात.

आता जरा स्पष्ट बोलू. दर वेळी, किंवा जवळजवळ दर वेळी, सुरुवातीपासूनच साधारण मिनिटाच्या आत वीर्यपतन होणं, किंवा आधी ठीक असून नंतर वेळ तीनेक मिनिटांवर येणं. ते लांबवता न येणं. आणि त्याचा मनस्ताप होणं. या तिन्ही गोष्टी असतील तर डॉक्टर त्याला विकार म्हणतात. एखाद्या रात्री घाई झाली, तो विकार नव्हे. २००५ साली पाच देशांतल्या जोडप्यांनी घड्याळ लावून वेळ मोजली, तर मधला आकडा साडेपाच मिनिटांच्या आतच निघाला. अर्धा तास फक्त सिनेमात आणि भिंतीवर असतो. कारणं थायरॉईड, प्रोस्टेटची सूज, ताठरतेची अडचण, चिंता अशी असू शकतात. थांबून-थांबून करायचा सराव, बधिर करणारं मलम, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, जोडीने समुपदेशन, हे उपाय आहेत.

‘असलं बाईनं लिहावं का?’ हा प्रश्न येणारच. र. धों. कर्वे तर पुरुष होते. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढलं, तर त्यांच्यावरही अश्लीलतेचे खटले झालेच. मग बाईने तरी का थांबावं?

आमच्या घरांत ब्रह्मचर्याचा आधार पुढे केला जातो. पण श्रावकाचं व्रत स्वदारसंतोषाचं आहे. त्यात पत्नी आहे; मग तिच्याशी अबोला कुठून आला? आणि शरीराच्या विकाराला संयमाचा पराभव म्हणणं, हीसुद्धा हिंसाच.

तेव्हा भिंतीवरचा नंबर फिरवू नका. सरकारी दवाखान्यात युरॉलॉजी किंवा मानसोपचाराच्या ओपीडीत जा. आणि जाताना बायकोला सांगून जा.