प्रोग्राम चालला म्हणजे झालं का?



आज एक चूक कबूल करून सुरुवात करतो. चूक माझीच आहे.

मी अमरावतीत अकरावी-बारावीला संगणक शिकवतो. काही वर्षांपूर्वी वर्गात अकोल्याचा एक मुलगा होता. वडिलांची धान्य बाजारात अडत. त्याने प्रकल्प म्हणून वडिलांसाठी हिशोबपट्टीचा प्रोग्राम लिहिला. तूर, सोयाबीन, हरभरा, मूग यांपैकी माल निवडायचा, वजन आणि भाव टाकायचा. माल ओलसर असेल तर घट, पोत्यात आहे की सुटा यावरून हमाली, आणि शेवटी शेतकऱ्याला द्यायची रक्कम. प्रोग्राम चालला. मी पैकीच्या पैकी गुण दिले. कोड मात्र वरवर चाळला होता.

पुढे सुट्या मालाची हमाली वाढली. मुलाने कोडमध्ये नवा दर टाकला, तूर आणि सोयाबीन घालून तपासलं, बरोबर आलं. मूग बाजारात आला तेव्हा आठ दिवस हमालांच्या हाती जुन्याच दराने पैसे पडले. चूक पकडली ती एका वयस्क हमालाने, तोंडी हिशोब करून. वडिलांनी फरक पदरचा भरला. मुलगा मला म्हणाला, "सर, दर चार जागी होता जी. म्या तीन जागी बदलवला."

एकच गोष्ट चार ठिकाणी का लिहिली, हे मी गुण देताना विचारायला हवं होतं.

गुंतागुंत मोजता येते

कोड किती गुंतलेला आहे, हे फक्त नजरेने ठरवायची गरज नाही. थॉमस मॅककेब यांनी १९७६ साली त्यासाठी एक सोपं माप मांडलं. प्रोग्रामच्या एका भागात 'असं असेल तर' असे निर्णय किती आहेत ते मोजा आणि त्यात १ मिळवा. आलेला आकडा म्हणजे त्या भागाची गुंतागुंत. आकडा १० च्या वर गेला तर थांबून विचार करा, असं त्यांनी सुचवलं होतं. हा आकडा आणखी एक गोष्ट सांगतो. त्या भागातल्या सगळ्या स्वतंत्र वाटा तपासायच्या तर साधारण तितक्या चाचण्या लागतात.

आता त्या मुलाचा कोड मोजू. चार मालांतून एक निवडायला ३ निर्णय. प्रत्येक मालाच्या आत 'ओलसर आहे का' आणि 'पोत्यात आहे का' असे दोन, म्हणजे चार मालांचे ८. एकूण ११, अधिक १, म्हणजे १२. बारा चाचण्या हव्या होत्या, त्याने केल्या दोन.

नंतर आम्ही दोघांनी बसून तो कोड पुन्हा लिहिला. चारही मालांचे दर एका कोष्टकात ठेवले. माल कोणता, ते कोष्टक सांगतं. उरले दोन निर्णय: ओलसर का, पोत्यात का. आकडा ३ वर आला. आता दर बदलला तर कोष्टकात बदलायचा, बाकी कोडला हातही लावायचा नाही. आणि कोष्टक बरोबर आहे का, हे त्याचे वडीलही वाचून सांगू शकतात.

४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलर

ही पोराटोरांची चूक आहे असं कोणाला वाटेल. म्हणून अमेरिकेतलं एक उदाहरण. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या मोठ्या कंपनीने नवा कोड वापरात आणला. तो आठ सर्व्हरवर चढवायचा होता, चढला सातच सर्व्हरवर. आठव्यावर जुना कोड राहिला, आणि त्यात २००३ पासून न वापरलेला एक भाग तसाच पडून होता. नव्या कामासाठी जी खूण वापरली, तीच त्या मेलेल्या भागाची जुनी खूण होती. तो भाग जागा झाला आणि भराभर खरेदी-विक्रीचे आदेश सुटले. घाबरून लोकांनी इतर सात सर्व्हरवरचा नवा कोड काढला, तेव्हा गोंधळ आणखी वाढला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं.

तिथे आठांपैकी एक सर्व्हर राहिला, अकोल्यात चारांपैकी एक जागा. नाइटची चूक मॅककेबच्या आकड्याने पकडली नसती, हे खरं. पण नको असलेला कोड वेळेवर पुसला असता तर जागं व्हायला काही उरलंच नसतं. म्हणून मोजणं जितकं महत्त्वाचं, तितकंच पुसणंही.

आकड्याचा बाऊ नको

एक सावधगिरी. आकडा कमी दिसावा म्हणून एका भागाचे दहा तुकडे करून ठेवले, तर गुंता फक्त इकडून तिकडे जातो. शिवाय काही गुंतागुंत धंद्यातच असते. ओलसर आणि कोरड्या मालाचा हिशोब वेगळाच होणार, तो निर्णय कोडमधून काढता येत नाही. काढायची ती आपण आपल्या हाताने घातलेली गुंतागुंत.

मग आपण काय करायचं?

शिक्षकांनो, 'चालतो का' याला निम्मेच गुण ठेवा. उरलेले, निर्णय मोजून दाखवले का, दर एकाच जागी आहे का, न लागणाऱ्या ओळी पुसल्या का, यासाठी ठेवा. माझ्या वर्गात आता ओळी कमी करणाऱ्यालाही गुण मिळतात. पहिल्या वर्षी पोट्टे विचारायचे, "सर, चालते न! मंग काऊन बदलवाचं?" त्यांना मी मुगाचीच गोष्ट सांगतो.

आणि पालकहो, क्लासवाले 'पाचशे ओळींचा प्रोजेक्ट' म्हणून मिरवतात तेव्हा भुलू नका. मुलाला एवढंच विचारा, "उद्या दर बदलला तर किती जागी बदलावं लागेल?" उत्तर 'एका जागी' आलं, तर पोरगं बरोबर शिकतंय.

आपली ही मुलं उद्या पुण्या-मुंबईत बँकांचे, शेअर बाजाराचे, कदाचित आपल्याच बाजार समितीचे प्रोग्राम लिहितील. त्यातल्या चुकीचे पैसे कोणाच्या तरी मजुरीतून जाणार आहेत. प्रत्येक वेळी तोंडी हिशोब करणारा हमाल तिथे उभा असेलच असं नाही.