बाराखडी पाठ, वाचन सपाट

दिवाळीत घरी पाहुणे आले, की फराळाच्या ताटाबरोबर घरातले पाच-सहा वर्षांचे मूलही पुढे करण्याची आपली जुनी रीत आहे. "म्हणून दाखव बरं काकांना बाराखडी!" असे आईने म्हणावे, मुलाने हात मागे बांधून 'क का कि की' पासून 'कं कः' पर्यंत एका दमात धाव घ्यावी, काकांनी "वा! हुशार आहे हं!" म्हणत खिशात हात घालावा, आणि साऱ्या घराने कृतार्थ व्हावे! या सोहळ्यावर विरजण घालण्याचे काम मला आज करावयाचे आहे. वाचकांनी क्षमा करावी. पण घरातली सारी वडीलधारी माणसे एकत्र सापडतात ती सणाच्याच दिवशी.

माझे म्हणणे थोडक्यात असे : त्या मुलाला बाराखडी येते याचा अर्थ त्याला वाचता येते असा नव्हे. अक्षर ओळखणे ही एक गोष्ट, आणि ओळखलेली अक्षरे जोडून त्यांतून शब्द काढणे ही अगदी दुसरी. पहिली आपण वर्षभर घोकून घेतो. दुसरी शिकवतच नाही. ती आपोआप येईल असे धरून चालतो, आणि आली नाही की मुलाला मठ्ठ ठरवून मोकळे होतो.

मी काही शिक्षणशास्त्रातली पंडिता नव्हे. दहावीच्या पुढे माझे शिक्षण झाले नाही. कादंबऱ्या लिहिते, आणि एका लहानशा गावी शिशुवर्गाला शिकवते. माझी विद्या एवढीच, की मुले पहिला शब्द वाचताना कोठे अडतात हे मी रोज सकाळी त्यांच्याशेजारी बसून पाहते. आणि ती अडतात ती बहुधा एकाच ठिकाणी.

पाटीवर 'रस' लिहून पाहा. मूल 'र' म्हणते, 'स' म्हणते आणि तुमच्या तोंडाकडे बघत राहते. "मग काय झालं?" असे विचारले तर पुन्हा "र... स..." अक्षरे दोन्ही बरोबर, शब्द मात्र नाही. मोठ्यांना याचा राग येतो. "अरे, र आणि स म्हणजे रस! एवढं साधं कळत नाही?" नाही कळत, आणि न कळण्याला कारण आहे. सुटा 'स' म्हणताना मूल त्यातला 'अ' पुरता उच्चारते. 'रस' म्हणताना शेवटचा तो 'अ' आपण गिळून टाकतो. 'आमरस' घ्या. लिहिताना अक्षरे चार. बोलताना आपण 'आम्-रस्' असे दोन झटक्यांत म्हणतो, 'म' आणि 'स' या दोघांचेही 'अ' खाऊन टाकतो. 'करवत' या शब्दाची तीच गत. म्हणजे कागदावरची अक्षरे एकेक सुटी उच्चारली, तर त्यांचा शब्द होत नाही. काही गिळावे लागते, काही ओढावे लागते. आपल्याला याची इतकी सवय झाली आहे, की आपण काही करतो हेच आपण विसरलो आहो. मुलाला ती खुबी कोणी दाखवावयाची?

बाराखडी दाखवीत नाही. बाराखडी हे गाणे आहे, आणि गाण्याचा गुण असा, की ते पहिल्यापासून सुरू केले तरच येते. एकदा तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी माझ्या वर्गाकडून 'म'ची बाराखडी म्हणवून घेतली. मुलांनी छप्पर दणाणून सोडले. साहेब प्रसन्न झाले. मी विनंती केली, की यातले एखादेच अक्षर मधून विचारावे. त्यांनी फळ्यावर 'मु' काढला. एका मुलाने डोळे मिटले, 'म मा मि मी' असे पुटपुटत बोटे मोजली आणि पाचव्या बोटावर "मु!" म्हणून तो ओरडला. साहेबांनी वहीत 'समाधानकारक' असा शेरा मारला. पहिल्या स्थानकापासूनच निघणाऱ्या गाडीने मधल्या गावच्या माणसाने कसा प्रवास करावा, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

आणि या गाण्यात आपण काय काय कोंबले आहे पाहा! 'कः' हा बारावा मानकरी. सहा वर्षांच्या मुलाची विसर्गाशी गाठ पडते ती बहुधा 'दुःख' या शब्दात; ते इतक्या लवकर शिकवण्याची घाई कशाला? मुळाक्षरांत 'ङ' आणि 'ञ' यांच्या वाट्याला रोजच्या मराठीत सुटा असा शब्दच नाही. तरी 'र' आणि 'स' यांच्या कितीतरी आधी ते मुलाच्या माथी बसतात. 'ण' आणि 'ळ' यांनी मराठी शब्द सुरूच होत नाही. ऐरणीचा 'ऐ' म्हणावा, तर लोहाराचा भाता ज्याने पाहिला नाही त्याला ऐरण म्हणजे काय ते आधी समजावून सांगावे लागते.

कोणी म्हणेल, ही बाई पूर्वजांच्या वर्णमालेलाच नावे ठेवते. मुळीच नाही. कंठापासून निघून टाळू, मूर्धा, दात असे करीत ओठांपर्यंत येणारी ती रचना मला अद्भुत वाटते. शब्दकोश पाहण्यासाठी, व्याकरणासाठी ती यावीच. पण ती ध्वनींचा विचार करणाऱ्या शहाण्यांनी लावलेली मांडणी आहे. वाचनाची पहिली पायरी म्हणून ती कोणी बांधलेली नाही. जुन्या पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर 'ओनामासीधं' गिरवीत. मूळ 'ॐ नमः सिद्धम्'. पण मुलांना त्याचा अर्थ कोणी सांगत नसे. 'ओनामा' हा शब्दच आपल्याकडे आरंभाचा पर्याय होऊन बसला. न समजता म्हणणे म्हणजे शिकण्याची सुरुवात, ही समजूत आपल्यात इतकी जुनी आहे.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडे वळते. हे नव्या विचारांचे लोक. त्यांचे म्हणणे, अक्षरांची कटकटच नको. चित्र दाखवा, खाली शब्द लिहा, मूल पाहून पाहून वाचू लागेल. बदकाचे चित्र पाहून मूल "बदक" म्हणते, हे खरे. कधी "हंस" असेही म्हणते. चित्रावर हात ठेवा, की त्याची वाचा बंद! ते वाचत नव्हते, ओळखत होते. घोकणारे मूल कानावर जगते, हे मूल तर्कावर जगते. अक्षरांकडे दोघांपैकी कोणीच पाहत नाही.

इंग्रजी बोलणाऱ्या देशांत हा वाद फार वर्षे चालला. अमेरिकेत २००० साली नॅशनल रीडिंग पॅनेलने आणि इंग्लंडात २००६ साली रोझ यांच्या अहवालाने एकाच बाजूने कौल दिला : अक्षरांचे ध्वनी आणि त्यांची जोडणी पद्धतशीर शिकवा. इंग्लंडात २०१२ पासून शाळेच्या पहिल्या इयत्तेतल्या मुलांपुढे ४० शब्द ठेवतात. त्यांतले २० मुद्दाम बनवलेले, काहीही अर्थ नसलेले. कारण अर्थ नसलेला शब्द ना पाठ करता येतो, ना चित्रावरून ताडता येतो. तो जोडूनच वाचावा लागतो. गंमत अशी, की त्यांचे ओझे आपल्याहून कितीतरी जड आहे. तिथे 'सी', 'ए', 'टी' अशी नावे घोकून त्यांतून 'कॅट' काढावयाचे! आपल्या 'म'चे नावही 'म' आणि आवाजही 'म'. एवढी श्रीमंती हाती असून आपली मुले वाचनात दरिद्री राहावीत, याला काय म्हणावे?

ती राहतात हे मी रागाच्या भरात म्हणत नाही. 'असर'च्या २०२४ सालच्या देशव्यापी पाहणीत खेड्यापाड्यांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकाएवढा मजकूर वाचू शकणारी मुले सुमारे २७ टक्के निघाली. म्हणजे शंभरांतली सत्तरांहून अधिक मुले तिसरीच्या वर्गात बसतात आणि इतिहास, गणित, परिसर सगळेच त्यांना मुके असते. सगळा दोष जोडणीचा आहे असे मी म्हणत नाही. पुस्तके नाहीत, शिक्षक पुरेसे नाहीत, घरी उसंत नाही, हे मलाही दिसते. पण या साऱ्यांत फुकट सुधारता येण्याजोगी गोष्ट हीच एक आहे.

"आम्ही नाही का बाराखडी पाठ करूनच वाचायला शिकलो?" हा आक्षेप मी ऐकला आहे, आणि तो नेहमी वाचता येणाऱ्यांकडूनच ऐकला आहे. तुमच्या बाकावर बसणारा जो सोबती चौथीत शाळा सोडून गुरांमागे गेला, त्याची साक्ष कोणी काढली? तो दिवाळी अंकांत लेख लिहीत नाही. घरी पुस्तके असतात, कोणी मांडीवर घेऊन गोष्ट वाचणारे असते, तिथे जोडणी नकळत जमून जाते आणि श्रेय मात्र बाराखडी लाटते. ज्याच्या घरी शाळेच्या पुस्तकाखेरीज छापील कागद नाही, त्याला ते कोणीतरी शिकवावेच लागते.

शिकवणे अवघडही नाही. 'म, न, र, ल, व, स' एवढी सहाच अक्षरे घ्या. यांचा आवाज लांबवता येतो. 'क', 'ट', 'प' यांसारखा तो ओठाबाहेर पडताच तुटत नाही. 'र्ऽऽ'ला थांबू न देता 'अ'मधून 'स्ऽऽ'मध्ये उतरवले, की 'रस' कानाला आपोआप भेटतो. लगेच काना द्या. एवढ्या भांडवलावर मामा, नाव, वारा, लाल, मला असे शब्द पहिल्याच आठवड्यात वाचता येतात; 'नवरा' आणि 'सासरा' वाचून तर सगळा वर्ग हसतो. ते हसू हीच खरी परीक्षा, कारण शब्द कळल्याखेरीज कोणी हसत नाही. पुढे 'किती'मधली वेलांटी आधी दिसते आणि नंतर ऐकू येते, 'सूर्य'मधला रफार आधी ऐकू येतो आणि नंतर दिसतो, हेही शब्दांतूनच दाखवावे.

शिकवताना शब्द मात्र मुलाच्या कानाच्या ओळखीचा हवा. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले, आणि अनुताई वाघांसह आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत शाळा पोचवली. शाळेने मुलाकडे जावे, ही त्यांची शिकवण शब्दांनाही लागू आहे. जोडून झाल्यावर हाती आलेला शब्द ओळखीचा निघाला तरच मुलाला कळते, की आपले जमले. 'ऐरण' असे बरोबर वाचूनही ते बावरते, कारण ते बरोबर आहे हे त्याला सांगणार कोण?

याला पाटीही लागत नाही. करंज्या भरता भरता आजीने म्हणावे, "मी तुटक बोलते, तू जोड : 'ना... र... ळ'." मूल "नारळ!" म्हणून ओरडेल. मग त्याने तोडावे आणि आजीने जोडावे. चार दिवस हा खेळ खेळलेले मूल पाटीवरच्या अक्षरांपुढे तितके अडत नाही. एकच पथ्य : ते 'र... स...' म्हणून तोंडाकडे पाहू लागले, की लगेच शब्द सांगून टाकू नका. थोडे थांबा; पुन्हा, जरा भरभर म्हणू द्या.

अंगणात मुलांनी मातीचा किल्ला केला असेल. या वर्षी त्यावरच्या पाट्या मोठ्यांनी लिहाव्या : 'गड', 'वाट', 'दार', 'तलाव'. आणि पाहुणे आले, की मुलाला बाराखडी म्हणावयास न सांगता किल्ल्यापाशी न्यावे आणि पाटी वाचावयास सांगावे. ते अडखळेल, वेळ लागेल; काकांनी खिशात हात घालण्याची घाई करू नये. फराळ तोवर थांबेल.