आईला बोल लावू नका, कुलूप बदला

दिवाळी आली की आम्ही कोल्हापूरकर माळ्यावरचे डबेसुद्धा घासतो. पण सगळा हिशेब ज्यात ठेवतो, त्या संगणकाकडे कोण पाहतो? 2018 च्या ऑगस्टात पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत चोरांचा प्रोग्राम शिरला आणि 94 कोटी रुपये गेले. काही तर आमच्याच गावच्या एटीएममधून निघाले! बँकेची ही गत, तिथे तुमच्या-आमच्या कपाटाची काय कथा?

आमच्या आईने भलत्याच ठिकाणी बोट दाबले, तेव्हा सारे तिच्यावर तुटून पडले. मी म्हणतो, दोष आम्हा शिकलेल्यांचा. विंडोज 10 ची नेहमीची डागडुजी 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. तरी तेच गंजके कुलूप आम्ही तिच्या दाराला ठेवले. आता तिथे लिनक्स आहे: फुकट, मराठी जाणणारे. विंडोजसाठी कालवलेले विष त्याला सहसा बाधत नाही. ओटीपी आपणच सांगितला, तर मात्र ब्रह्मदेवही वाचवणार नाही, हेही तिला सांगितले.

तेव्हा लेकांनो, यंदा उपदेश पुरे. भाऊबीजेच्या ताटात पाकीट टाकाल ते टाका. पण बहिणीच्या संगणकासाठी एक दुपार काढा!