ईसीजी नॉर्मल आला म्हणजे माणूस नाटकी ठरतो का?

रात्री दोन वाजता घरचे रिक्षात घालून कॅज्युअल्टीत आणतात. छाती धडधडतेय, दरदरून घाम, बोटांना मुंग्या, ‘मी आता जातोय’. ईसीजी काढतात. नॉर्मल. मग ते ठरलेलं वाक्य, ‘काही नाही, गॅस आहे. टेन्शन घेऊ नका.’

माझा राग ईसीजीवर नाही, मंडळी. छातीत दुखलं की तो काढायलाच हवा, घरबसल्या ‘पॅनिकच असेल’ म्हणत थांबू नका. राग त्या ‘काही नाही’वर आहे. काही नाही कसं? समोर धोका नसताना शरीराने धोक्याची घंटा वाजवली. श्वास भराभर झाला, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाला, म्हणून बोटं बधिर आणि डोकं गरगरलं. बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत हे टोकाला जातं आणि मग ओसरतं. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. पण सांगतंय कोण?

न सांगितल्याची किंमत हार्बर लाइनवर दिसते. वाशी सुटली की मानखुर्दपर्यंत खाली खाडी, उतरायची सोय नाही. तिथे एकदा झटका आला की माणूस लोकलच सोडतो. मग रोजची कॅब, मग दांड्या, मग नोकरी. झटक्यापेक्षा पुढच्या झटक्याची धास्तीच माणसाला खाते. घरी कुणी दृष्ट काढतं, कुणी ‘मन खंबीर कर’ म्हणतं (जसं मधुमेहवाल्याला कुणी ‘स्वादुपिंड खंबीर कर’ म्हणतं!).

आणि याला उपचार आहेत. सीबीटी नावाची समुपदेशनाची पद्धत, गरज पडली तर गोळ्या. टाळलेल्या जागी हळूहळू परत न्यायचं. आधी सानपाडा, मग वाशी, मग पूल.

२०१७च्या कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा हक्क केलाय. त्याआधी २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं होतं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचारच पोहोचत नाहीत. त्यातले कितीतरी आपल्याच कॅज्युअल्टीतून ‘गॅस’ म्हणून परत गेलेले असणार.

आयुक्त साहेब, मागणी छोटी आहे. वाशी, नेरुळ, ऐरोलीच्या पालिका रुग्णालयांत नॉर्मल ईसीजीसोबत मराठी-हिंदीत एक चिठ्ठी द्या. झालं ते काय होतं, मानसोपचार ओपीडी कुठे आणि कधी, आणि टेली-मानसचा मोफत, चोवीस तास चालणारा नंबर १४४१६. निविदा काढायची गरज नाही, ऑफिसातल्या झेरॉक्सवर निघेल.